आधी पंप हाऊसची किल्ली मागून घ्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही यवतमाळकडचे, एमईएसमध्ये (मिलिटरी इंजिनीअर सर्व्हिसेस, म्हणजे सैन्याच्या इमारती, वीज आणि पाणी सांभाळणारं खातं) जेई (ज्युनिअर इंजिनीअर) म्हणून लागून जेमतेम आठ महिने झालेत आणि पोस्टिंग विदर्भातल्याच एका आडबाजूच्या स्टेशनात, म्हणजे छावणीत, आहे. वरून हुकूम आलाय की वर्षभरात वीज आणि पाणी दोन्ही 20 टक्क्यांनी कमी करून दाखवा. एका पुरवठादाराने सगळीकडे एलईडी, सेन्सरचे नळ आणि छतांवर सोलर असा प्रस्ताव तयारच आणून दिलाय. तुम्ही फॅमिली क्वार्टरच्या पाण्याची वेळ अर्धा तास कमी करून पाहिली, तर पहिल्याच दिवशी तक्रार वहीची चार पानं भरली. आता विचारताय की सुरुवात कुठून करू, आणि सोलर आधी घेऊ का.

मी याच खात्यात ई/एमच्या (वीज आणि यंत्रांच्या) बाजूला 33 वर्षं काढली. राजस्थान, आसाम, जबलपूर आणि शेवटची नऊ वर्षं वर्धा-नागपूर पट्ट्यात. आता वर्ध्याजवळ गावी शेती पाहतो. तेव्हा जे लिहितो आहे ते हातून गेलेल्या कामावरून लिहितो आहे.

त्याआधी एक विनंती. पुढच्या वेळी प्रश्न विचारताना स्टेशनचं नाव, टाक्यांच्या जागा, मंजूर भार, जनरेटर किती आणि कुठे, यातलं काहीही इथे लिहू नका. पाण्याचा नकाशा म्हणजे छावणीचाच नकाशा असतो. खाली मी जी उदाहरणं देतो त्यातले आकडे मुद्दाम गोल केलेत.

तुम्हाला वाटतंय की तुमच्यापुढे दोन उद्दिष्टं आहेत, एक विजेचं आणि एक पाण्याचं. माझ्या अनुभवात छावणीत ही दोन खाती वेगळी नसतात. नदीवरच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) पाणी उचला, ते फिल्टर प्लांटला आणा, तिथून सम्पमध्ये (जमिनीतल्या टाकीत), सम्पमधून उंच टाकीत. प्रत्येक पायरीवर मोटर चालते. म्हणजे क्वार्टरच्या मागे गळणारं पाणी हे तीनदा वीज खाऊन आलेलं पाणी असतं. म्हणून गळती थांबली की विजेचं बिल तुम्ही हात न लावता उतरतं, आणि पंप दुरुस्त झाला की पाणी तेवढंच राहून वीज वाचते. दोन्ही वाटा एकाच खोलीत येतात. ती खोली म्हणजे पंप हाऊस. पहिलं काम म्हणजे त्याची किल्ली आणि लॉगबुक मागून घ्या आणि आठवडाभर तिथे बसा.

बसून करायचं काय, तर एकच आकडा काढायचा. एक हजार लिटर पाणी टाकीत चढवायला किती युनिट लागतात. हिशेब सोपा आहे. हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला, काहीच वाया गेलं नाही असं धरलं तर, 0.0027 युनिट लागतं. तुमची टाकी आणि पाईपमधलं घर्षण धरून एकूण हेड (पंपाला पाणी जेवढं उंच ढकलावं लागतं ते) 35 मीटर असेल, तर झालं 0.095. प्रत्यक्षात मोटर आणि पंप मिळून 50 ते 55 टक्के काम देत असतील तर 0.17 ते 0.19 च्या आसपास आकडा यायला हवा. पंपाला स्वतंत्र मीटर नसेल तर बसवून घ्या, तोवर क्लॅम्प मीटरवर करंट पाहून ढोबळ अंदाज येतो. पाण्याचं मीटर बंद असेल (बहुतेक ठिकाणी ते बंदच सापडतं) तर टाकीचं आउटलेट बंद करून एक तास पंप चालवा आणि पातळी किती चढली ते मोजा. टाकीचा व्यास माहीत असला की लिटर निघतात.

आमच्या एका स्टेशनात हा आकडा 0.31 आला होता. जवळजवळ दुप्पट. तीन दिवस कारण सापडेना. मग जुनी फाईल काढली तेव्हा कळलं की आधीचा पंप जळाल्यावर बदलताना "एक साईज मोठा असू द्या, उन्हाळ्यात कामी येईल" म्हणून 60 मीटर हेडचा पंप बसवला होता. गरज होती 35 ची. मोटर ओव्हरलोडवर ट्रिप व्हायला लागली म्हणून ऑपरेटरने डिलिव्हरीचा स्लुइस व्हॉल्व्ह अर्धा दाबून ठेवला, आणि तो तसाच सात वर्षं राहिला. एकीकडे मोटर जोर लावते आहे, दुसरीकडे व्हॉल्व्ह तो जोर खातो आहे. ऑपरेटरची चूक नव्हती. त्याला मोटर वाचवायची होती आणि त्याने ती वाचवली. आम्ही योग्य हेडचा पंप बसवला, झिजलेला फूट व्हॉल्व्ह बदलला, आकडा 0.18 वर आला. रोज सहा लाख लिटर चढवत असाल तर दिवसाला 78 युनिट, वर्षाला 28 हजारांच्या वर. एका पंपात. यासाठी कुणालाही पंखा बंद करायला सांगावं लागलं नाही.

दुसरं काम रात्रीचं आहे. रात्री दोन ते चार या वेळेत छावणी झोपलेली असते. लंगर बंद, न्हाणीघरं बंद, कुणाच्या घरी टाकी भरत नसते. या दोन तासांत उंच टाकीतून जे पाणी जातं ते बहुतेक सगळं गळतीचं. पंप बंद ठेवा, दोनला पातळी घ्या, चारला घ्या. दहा मीटर व्यासाच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे 785 लिटर. आमच्याकडे दोन तासांत नऊ सेंटिमीटर उतरली. तासाला साडेतीन हजार लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे 85 हजार. मी तो हिशेब पंप हाऊसच्या दारात टॉर्चच्या उजेडात तीनदा केला, कारण विश्वास बसेना. सहा लाखांतले 85 हजार कुणाच्याही ओंजळीत न पडता जमिनीत जात होते, आणि आम्ही मात्र दरबारात (पलटणीच्या सभेत) जवानांना सांगत होतो की दाढी करताना नळ बंद ठेवा.

मग गळती शोधायची. एकेका लाईनचा व्हॉल्व्ह बंद करत जायचं आणि पातळी उतरायची कुठे थांबते ते पाहायचं. आमचा एक जुना व्हॉल्व्हमन होता, निवृत्तीला दीड वर्ष उरलेला. त्याच्याकडे चार फुटांची लोखंडी सळई होती. व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर सळईचं एक टोक टेकवायचा, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. पाणी वाहत असेल तर बारीक फुसफुस ऐकू येते, पुढे गळती जवळ आली की तिचा आवाज खरखरीत होतो. मलाही ऐकवलं. पहिल्या रात्री मला काहीच कळलं नाही, तिसऱ्या रात्री कळायला लागलं. जुन्या धोबीघाटाकडे जाणारी एक लाईन होती. धोबीघाट पाडून बारा वर्षं झाली होती, लाईन नकाशावरून गेली होती, पण तिच्यात पाणी चालूच होतं. टोकाशी भर एप्रिलमध्ये टोंगळाभर हिरवं गवत उभं होतं आणि आम्ही सगळे रोज त्याच्या बाजूने स्कूटरने जात होतो. ती लाईन बंद केली त्या दिवशी निम्मी गळती थांबली. आजही माझं सांगणं आहे की एप्रिलमध्ये सगळी छावणी पायी फिरा. काळी माती भेगाळलेली असताना जिथे हिरवळ दिसेल तिथे खाली काहीतरी आहे.

काळ्या मातीचा आणखी एक गुण लक्षात ठेवा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाईपचे सांधे दर वर्षी हलतात. म्हणून विदर्भात गळती एकदा काढून भागत नाही, पावसाळा संपल्यावर आणि मार्चअखेर अशी दोनदा रात्रीची मोजणी करावी लागते. पाईप टाकताना खाली-वर मुरमाचा किंवा वाळूचा थर दिला असेल तर त्रास कमी होतो. नव्या कामाच्या एस्टिमेटमध्ये तो थर लिहिला जातो आहे ना, आणि खड्ड्यात खरंच पडतो आहे ना, हे तुम्ही स्वतः उभं राहून पाहा.

आता क्वार्टरच्या वेळेचं. तुम्ही वेळ कमी केली आणि तक्रारी आल्या, हे होणारच होतं. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की वेळ कमी केल्याने पाणी बहुतेक वाचतच नाही. पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस नळ उघडा ठेवून बादलीत आवाज येण्याची वाट पाहतो. ड्रम, बादल्या, पातेली भरून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की कालचं ओतून देतो. माझी बायकोही हेच करायची, तुमच्या घरीही हेच होत असेल. एका वस्तीत आम्ही उलटं केलं. वेळ तीच ठेवली, फक्त ती मिनिटाला पक्की केली, आणि प्रत्येक ब्लॉकच्या छतावरच्या टाकीचे बिघडलेले फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारे तरंगते नळ) बदलले. वापर वाढला नाही, उतरला. माणशी दिवसाला 135 लिटर हा भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी धरला जाणारा आकडा आहे. तुमचा हिशेब 200 वर जात असेल तर आधी फ्लोट आणि फ्लश टाक्या पाहा, घरच्या बाईमाणसांना दोष देऊ नका. फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाका, कुणी न वापरता भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलंय. दोन रुपयांच्या वस्तूपायी रोजचं शेकडो लिटर पाणी जातं. हे काम आवाच्या (जवान-अधिकाऱ्यांच्या पत्नींची संघटना) बैठकीत बायकांना समजावून सांगितलं तर त्या आठवड्यात सगळे ब्लॉक तपासून देतात. मी हे पाहिलंय. तक्रार वहीत "पाणी गळते" अशी नोंद त्यांच्याकडूनच येते, तेव्हा ती दोन दिवसांत मिटवा. नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

सेन्सरचे नळ घेऊ नका, निदान आत्ता. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की सेन्सरच्या व्हॉल्व्हवर वर्षभरात पांढरा थर बसतो आणि तो एकतर उघडा अडकतो किंवा बंद. बराकीत चाळीस जवान पहाटे पीटीहून येतात तेव्हा त्यांना पुश नळ पुरतो. तो आमच्याच फिटरला दुरुस्त करता येतो.

आता कूलर, कारण विदर्भात उन्हाळ्याचा विषय कूलरशिवाय पुरा होत नाही. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले होते. त्या उन्हात जवान ड्युटी करून येतो, त्याला झोप मिळालीच पाहिजे. इथे काटकसरीची भाषा करू नका. मला एकदा वरून विचारणा झाली की कूलर फार पाणी पितात, त्याऐवजी एसी लावले तर पाणी वाचेल का. मोठा लोखंडी डेझर्ट कूलर कोरड्या दुपारी तासाला 15-20 लिटर पाणी उडवतो, हे खरं आहे. हवा गार करण्याचं कामच ते पाणी करतं, ते वाया जात नाही. त्याच वेळी कूलर 200-250 वॉट घेतो आणि दीड टनाचा एसी दीड किलोवॉटच्या आसपास. ते 20 लिटर पाणी टाकीत चढवायला युनिटचा शंभरावा भागसुद्धा लागत नाही. म्हणून जून लागेपर्यंत, हवा कोरडी आहे तोवर, इथे कूलरच योग्य. अपवाद फक्त अशा स्टेशनचा, जिथे एप्रिल-मेमध्ये पाण्याचा स्रोतच आटतो. तुमचं तसं आहे का ते तुम्हीच पाहा, ते इथून सांगता येणार नाही.

कूलरचं खरं नुकसान वेगळीकडे होतं. फ्लोट अडकून टपाखालून दिवसरात्र पाणी वाहतं. ताट्यांवर (कूलरच्या बाजूच्या ओल्या गवताच्या जाळ्यांवर) क्षाराचा थर बसतो, हवा अडते, मग खोली गार होत नाही म्हणून कूलर चोवीस तास चालतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सगळे कूलर उघडून ताट्या बदला, फ्लोट तपासा, पंपाची जाळी साफ करा. आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायला सांगा. बंद खोलीत कूलर लावून घामाघूम झोपणारी माणसं मी दर वर्षी पाहिली. ओली हवा बाहेर गेल्याशिवाय नवी कोरडी हवा आत येत नाही. आरओ मशिनचं सोडलेलं पाणी कूलरमध्ये घालू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला आणि संडासात वापरा.

उन्हाबद्दल बोलतो आहे तर छतांचंही सांगतो. कामठीची छावणी 1821 ची. तिकडच्या आणि इतरत्रच्या जुन्या इमारती पाहिल्यात तर जाड भिंती, उंच छत, वर झरोके, चारी बाजूंनी व्हरांडा. जुन्या कवेलूच्या बराकीत दुपारी जो गारवा असतो तो नव्या आरसीसीच्या स्लॅबखाली नसतो. नव्या स्लॅबवर मार्चमध्ये चुन्याचा दाट पांढरा हात दोनदा मारा, पत्र्याच्या शेडवर पांढरा परावर्तक रंग. वरच्या मजल्यावरच्या माणसाला दुसऱ्या दिवशी फरक कळतो. छतावरच्या काळ्या टाक्यांनाही सावली करा, मे महिन्यात नळाला जे पाणी येतं त्याने हात भाजतो आणि ते गार होईपर्यंत लोक सोडून देतात.

विजेच्या बाजूला पंपानंतर बिल वाचा. तुमचं कनेक्शन उच्चदाब असणार. महावितरणचं उच्चदाब बिलिंग एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली प्रत्यक्ष कामी किती आली ते प्रमाण) पडला की तेवढं बिल थेट वाढतं. 0.85 वर 100 किलोवॉट काम करून घ्यायला सुमारे 118 केव्हीए लागतात, 0.98 वर 102. कपॅसिटर पॅनेल असेलच, पण त्यातले किती कपॅसिटर जिवंत आहेत ते क्लॅम्प मीटर लावून एकेक पाहा. मला एका पॅनेलमध्ये बारापैकी चार चालू सापडले होते, बाहेरचे दिवे मात्र बाराही लागत होते. त्यासोबत टीओडीचे (वेळेनुसार बदलणाऱ्या दराचे) तास पाहा. दिवसाच्या कोणत्या वेळेला सवलत आहे हे आयोगाच्या आदेशाने बदलत असतं, म्हणून चालू बिलावरून खात्री करा आणि टाकी भरायची वेळ त्या तासांत बसवा. टाकीत पाणी साठतं, त्यामुळे पंप हा छावणीतला एकमेव मोठा भार आहे ज्याची वेळ तुम्ही कुणालाही त्रास न देता बदलू शकता.

पंख्यांचा हिशेब चोख आहे. जुना पंखा 75-80 वॉट, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा 30-35. आपल्याकडे पंखा वर्षातले आठ महिने रोज पंधरा तास तरी फिरतो, म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला 160 युनिट. एलईडी चांगलेच, पण जिथे रात्रभर जळतात तिथे आधी लावा, म्हणजे पेरिमीटर, रस्ते, गार्डरूम. भांडारघरातला दिवा दिवसातून वीस मिनिटं लागतो, तो शेवटी बदला. आणि दारूगोळ्याच्या हद्दीत काहीही बदलायचं असेल तर तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय पाना उचलू नका. तिथल्या फ्लेमप्रूफ फिटिंगच्या जागी बाजारातला साधा दिवा लावून वाचवलेली वीज कुणालाही नको आहे.

याच ठिकाणी एक गोष्ट जोर देऊन सांगतो. 31 मे 2016 ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. त्यात जवान गेले, अधिकारी गेले, अग्निशमन दलाचे लोक गेले. आमच्या वर्धा जिल्ह्यात ती रात्र कुणी विसरलेलं नाही, आसपासच्या गावांतली माणसं अंधारात लेकरं उचलून निघाली होती. तेव्हा कुठल्याही बचतीच्या आराखड्यात आगीसाठी राखलेल्या पाण्याला हात लावू नका. फायर टँक पूर्ण भरलेला, हायड्रंटला दाब पूर्ण, फायर पंपाची चाचणी ठरल्या दिवशी, त्यात जाणारी वीज आणि पाणी तुमच्या 20 टक्क्यांच्या हिशेबातून आधीच वेगळं काढून ठेवा आणि साहेबांना तसं लेखी द्या. त्या टाक्यांत एकच बचत करण्यासारखी आहे. उघड्या टाकीतून मे महिन्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसतं वाफ होऊन उडतं. वर पत्र्याची किंवा जाळीची सावली केली, आणि पंप लावायची जागा मोकळी ठेवली, तर रोज टाकी टॉप-अप करायचं काम बरंच कमी होतं. इथेही परवानगी घेऊनच.

आता तुमच्या सोलरच्या प्रश्नावर येतो. सोलर घ्या, पण चौथ्या क्रमांकावर. आधी पंपाचा आकडा, मग रात्रीची गळती, मग बिल आणि पॉवर फॅक्टर, आणि त्यानंतर सोलर. कारण साधं आहे. आज जो भार आहे त्यावर सोलरचा आकार ठरवला तर गळतीला आणि चुकीच्या पंपाला लागणारी वीज बनवण्यासाठी तुम्ही पॅनेल विकत घ्याल. आपल्याकडे एक किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं. पुरवठादाराने मे महिन्याचं कडक ऊन दाखवून जास्त लिहिलं असेल तर त्याला विचारा की पॅनेल तापल्यावर काय होतं. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला तीन-चार दशांश टक्के उत्पादन उतरतं, आणि छतावरचं पॅनेल दुपारी 60-65 अंशांपर्यंत जातं. धूळही बसते. धुण्याची व्यवस्था, पाणी, माणूस आणि छतावर जायचा सुरक्षित जिना हे सगळं त्याच करारात लिहून घ्या. पॅनेल पहाटे धुवायची, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. जागा निवडताना झाडांची सावली, जुन्या स्लॅबची ताकद आणि दारूगोळ्याच्या इमारतींपासूनचं अंतर, हे तीन प्रश्न आधी सोडवा.

पाऊसपाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आराखड्यात कुणीतरी "रेन वॉटर हार्वेस्टिंग" लिहिणारच, म्हणून सांगतो. विदर्भ म्हणून एकच नमुना सगळीकडे चालत नाही. वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडे वर काळी माती, खाली बेसाल्ट. काळ्या मातीत नुसता खड्डा खोदून पाणी सोडलं तर ते महिनाभर डबक्यासारखं उभं राहतं आणि डास होतात. मुरमापर्यंत जाऊन, गाळण देऊन शाफ्ट करावा लागतो. कामठीच्या बाजूला गोष्ट वेगळी, तिथल्या वालुकाश्माला भूगर्भशास्त्रात कामठी याच नावाने ओळखतात आणि त्यात पाणी चांगलं मुरतं. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे जमिनीत मुरवण्यापेक्षा साठवणं लोकांना पूर्वीपासून जमलंय, तिथले मालगुजारी तलाव आणि शेतातल्या बोड्या (छोटी तळी) पाहून या. तुमच्या जागी कोणतं चालेल हे ठरवायला सोपी चाचणी आहे. मीटरभर खड्डा खणा, पाणी भरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि किती वेळात उतरतं ते घड्याळ लावून पाहा. पाणी उतरत नसेल तर छताचं पाणी सरळ सम्पमध्ये घ्या. हजार चौरस मीटर छतावर हजार मिलिमीटर पाऊस पडला, आणि आपल्या बहुतेक जिल्ह्यांत साधारण एवढा पडतो, तर वाया जाणारं सोडून आठ लाख लिटर हाती येतात. ते सगळं चार महिन्यांत येतं, साठवायला जागा तेवढी नसते, म्हणून यावर उन्हाळ्याचा भरवसा ठेवू नका. पावसाळ्यात नदीवरचे पंप कमी चालतात, एवढाच खरा फायदा धरा. सांडपाण्याचा प्लांट चालू असेल तर मैदानाला आणि झाडांना फक्त त्याचंच पाणी द्या, पिण्याच्या लाईनला जोडलेले बागेचे नळ शोधून बंद करा. हे काम बी/आरच्या (इमारती आणि रस्ते पाहणाऱ्या) लोकांसोबत करा, एकट्याने नकाशे काढू नका.

कामाचा क्रम लावायचा तर पहिले दोन महिने काहीही विकत न घेता फक्त मोजा. तिसऱ्या महिन्यात जीई (गॅरिसन इंजिनीअर) साहेबांपुढे एका पानाचा कागद ठेवा. हजार लिटरला किती युनिट, रात्री तासाला किती लिटर जातात, पॉवर फॅक्टर किती, आगीसाठी राखीव किती. त्या कागदावर मागितलेला पंप मंजूर होतो, मी स्वतः करून घेतलाय. पुरवठादाराच्या रंगीत पुस्तिकेवर मागितलेली वस्तू एकतर अडकते किंवा येऊन गोदामात पडते. 20 टक्के गाठता येतील की नाही हे तुमचं स्टेशन किती जुनं आणि किती दुर्लक्षित आहे त्यावर आहे. पूर्वी कुणी चांगलं काम करून ठेवलं असेल तर तुम्हाला आठ-दहाच मिळतील. तसं झालं तर तेही आकडे दाखवून स्पष्ट सांगा.

रात्रीच्या मोजणीला एकटे जाऊ नका. दोन माणसं सोबत घ्या, गार्ड कमांडरला आणि क्विक रिॲक्शन टीमला आधी कळवा, नाहीतर अंधारात टाकीवर चढणारा माणूस पहाऱ्यावरच्या जवानाला काय दिसेल ते तुम्हाला माहीत आहे. बूट घोट्याच्या वरचे घाला आणि व्हॉल्व्ह चेंबरचं झाकण उचललं की हात घालण्याआधी टॉर्चने चारी कोपरे पाहा. गारव्याला घोणस तिथेच येऊन बसते. आकडे हाती आले की लिहा, फक्त युनिट आणि लिटर, जागेचं नाव नको. पंपाच्या नेमप्लेटवरचं हेड, डिस्चार्ज आणि मोटरचे अँपिअर सोबत द्या, मी हिशेब करून सांगतो.